कामाच्या सांध्यात नाम : घर-नोकरी सांभाळून देवाचं स्मरण कसं ठेवावं

नामस्मरण सुरू करून सोडून देणाऱ्यांची कारणं बहुधा दोनच असतात. एक, पहिल्याच दिवशी अकरा माळांचा संकल्प. दुसरं, वही लिहिताना, गाडी हाकताना, गिऱ्हाइकाशी बोलतानाही नाम चालूच राहिलं पाहिजे हा हट्ट. पहिल्यात वेळ पुरत नाही, दुसऱ्यात काम बिघडतं. मग माणूस ठरवून टाकतो की हे निवृत्तीनंतर बघू.

गीतेच्या आठव्या अध्यायातल्या सातव्या श्लोकात याचं उत्तर आहे : ‘तस्मात्सर्वेषु कालेषु मामनुस्मर युध्य च’. ऐकणारा रणात उभा आहे आणि त्याला धनुष्य खाली ठेवायला सांगितलेलं नाही. स्मरणही कर, युद्धही कर, अशा दोन आज्ञा एका दमात आहेत. पण नेम धरताना ओठ हलवत राहा, असं त्यात कुठे म्हटलेलं नाही. नवख्याने हा फरक आधी ध्यानात घ्यावा. काम आणि नाम एकाच क्षणात कोंबायचे नाहीत. एक काम संपून दुसरं सुरू होतं तिथे जो सांधा असतो, त्या सांध्यात नाम बसवायचं. हाताच्या कामात ते पुढे आपसूक झिरपतं. डोक्याच्या कामात झिरपत नाही, आणि झिरपावं अशी अपेक्षाही धरू नये.

जुन्या लोकांनी हे सांधे आपल्यासाठी कधीच हेरून ठेवले आहेत. डोळे उघडल्यावर ‘कराग्रे वसते लक्ष्मीः’, जमिनीला पाय लावण्याआधी ‘समुद्रवसने देवि’, अंगावर पहिला तांब्या घेताना ‘गङ्गे च यमुने चैव’, जेवणाआधी ताटाभोवती पाणी, तिन्हीसांजेला ‘शुभं करोति’. यातलं एकही काम चालू असताना मधेच म्हणायचं नाही; प्रत्येक श्लोक काहीतरी सुरू होण्याच्या उंबरठ्यावर आहे. ज्याला हे पाठ आहेत त्याने नवं काही शोधायची गरज नाही. ज्याला पाठ नाहीत त्याने त्याच जागी नुसतं नाम घेतलं तरी चालतं.

आधी नाम ठरवा, आणि मग बदलू नका

गुरूकडून मंत्र मिळाला असेल तर प्रश्नच नाही, तोच घ्यायचा. नसेल तर कुळदैवताचं नाम घ्यावं, ही गोव्यातल्या घरांतली जुनी रीत आहे. आधी ‘श्री’, मग देवाचं नाव चतुर्थी विभक्तीत, मग ‘नमः’ : श्री मंगेशाय नमः, श्री शांतादुर्गायै नमः, श्री रामनाथाय नमः, श्री दामोदराय नमः.

कुळदैवत ठाऊक नसेल तर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, आणि नुसतं देवाचं नाव न विचारता गावही विचारा. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात देवळं पाडली गेली तेव्हा महाजनांनी (देवस्थानाचा कारभार पाहणाऱ्या घराण्यांनी) देव नदीपलीकडे हलवले. त्यामुळे घराण्याचं मूळ गाव एक आणि देवाचं आजचं ठिकाण दुसरं, असा घोळ नेहमी होतो. कुठ्ठाळीचा मंगेश १५६० मध्ये प्रियोळला आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आहे, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ बांदिवड्यात, रायची कामाक्षी शिरोड्याला, दिवाडीचा सप्तकोटेश्वर नार्व्याला. ‘आमचो देव वेर्ण्याचो’ एवढंच कुणी सांगितलं, तर म्हार्दोळला जाऊन चौकशी करायची हे आता तुम्हाला कळेल.

तेही जमलं नाही तर ‘श्रीराम जय राम जय जय राम’ हा तेरा अक्षरी जप घ्या. गोव्यातल्या पुष्कळ घरांत तो आधीपासून तोंडात आहे, आणि पर्तगाळी मठाच्या ५५० वर्षांच्या निमित्ताने झालेल्या रामनाम जपामुळे ज्यांना माहीत नव्हता त्यांनाही झाला. वारकऱ्यांच्या घरात ‘रामकृष्णहरी’ असतंच. इंटरनेटवर सापडलेले बीजमंत्र मात्र दीक्षेशिवाय घेऊ नयेत. नामाला दीक्षा, वेळ, सोवळं यांतलं काही लागत नाही; बीजमंत्राला नियम असतात, आणि नियम न पाळता केलेली गोष्ट मनात भीती धरून बसते.

एकदा ठरलेलं नाम निदान वर्षभर तरी बदलू नये. सोमवारी शिव, मंगळवारी गणपती, गुरुवारी दत्त अशी वारांची वाटणी पूजेला शोभते. स्मरणात सवयच काम करत असते, आणि सात नामांची सवय लागायला सातपट दिवस लागतात.

बैठकीची एक माळ

दिवसभराचं विखुरलेलं स्मरण टिकायचं असेल तर दिवसातून एकदा मोजून, बसून केलेला जप हवा. तो नसला की सांध्यांवरचं नाम चार दिवसांत विसरतं, कारण जिभेला वळण कुठे लागलेलंच नसतं. सुरुवातीला एकच माळ. तेरा अक्षरी नामाला मध्यम चालीत अडीच सेकंद धरले तर १०८ वेळांना साडेचार मिनिटं होतात. आसन मांडणं-उचलणं धरून सात. एवढी मिनिटं सकाळच्या शिफ्टला वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत जाणाऱ्यालाही काढता येतात.

माळ विष्णू, राम, कृष्ण, विठ्ठल यांच्यासाठी तुळशीची आणि शिवासाठी रुद्राक्षाची घेतात. मणी सहा ते आठ मिलिमीटरचे घ्या. त्याहून बारीक मणी आपल्याकडच्या घामाळ हवेत बोटांतून निसटतात आणि एकदम दोन-दोन पुढे जातात. प्रत्येक दोन मण्यांमध्ये गाठ असलेली माळच घ्यावी, म्हणजे धागा तुटला तरी मणी घरभर होत नाहीत. गळ्यात घालायची माळ वेगळी आणि जपाची वेगळी.

माळ उजव्या हाताच्या मधल्या बोटावर ठेवून अंगठ्याने एकेक मणी आपल्याकडे ओढायचा. तर्जनी लांब ठेवायची, लावायची नाही. मेरुमणी (माळेच्या टोकाचा मोठा मणी) आला की तो ओलांडायचा नाही. माळ फिरवून आल्या वाटेने परत जायचं. हात छातीच्या उंचीवर असावा, माळ जमिनीला टेकू नये. गोमुखी (हात आत घालून जप करायची कापडी पिशवी) असेल तर उत्तम, नसेल तर पंच्याने हात झाका. मांडी घालून बसणं जमत नसेल तर खुर्चीवर बसा, पायाखाली पाट घ्या.

जपाचे तीन प्रकार सांगतात : वाचिक म्हणजे ऐकू येईल असा, उपांशू म्हणजे ओठ हलतील पण शेजाऱ्याला ऐकू जाणार नाही असा, आणि मानस म्हणजे मनातल्या मनात. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात विधियज्ञापेक्षा जप दहापट, उपांशू शंभरपट आणि मानस हजारपट श्रेष्ठ म्हटला आहे. हे वाचून नवखा थेट मानसावर उडी घेतो आणि तिसऱ्या मिनिटाला भाजीचा हिशेब करत बसलेला असतो. पहिले दोन-तीन महिने वाचिकच करा, स्वतःच्या कानाला अक्षर न् अक्षर ऐकू येईल एवढ्या आवाजात. ते स्थिर झालं की उपांशू. मानस जप बसल्या बसल्या शिकावा लागत नाही. काही महिन्यांनी तो कामात आपणच सुरू झालेला आढळतो.

पावसाळ्याचं एक. जूनपासून माळेला बुरशी धरते, आणि घाम-दमटपणाने सुती धागा कुजून तुटतो. आठवड्यातून एकदा माळ कोरड्या फडक्याने पुसून पंख्याखाली वाळवावी. ओल्या हाताने घेऊ नये, प्लॅस्टिकच्या पिशवीत तर अजिबात ठेवू नये. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी धागा बदलून घेतला की वर्ष निघतं.

दोन सांधे निवडा

आता दिवसाकडे वळू. बसल्या जागी कालचा दिवस उठल्यापासून झोपेपर्यंत आठवा आणि कागदावर फक्त ते क्षण लिहा जिथे एक गोष्ट संपून दुसरी सुरू झाली : चहाचं आधण ठेवलं, दार ओढून कुलूप लावलं, किक मारली, दुकानाचं शटर वर केलं, संगणक चालू केला, फोन वाजला, डबा उघडला, परतीच्या बसमध्ये चढलो, समई लावली. वीस-पंचवीस सहज निघतील. त्यांतले दोनच निवडायचे.

निवडताना दोन गोष्टी पाहा. सांधा रोज येणारा हवा. आठवड्यातून तीनदा येणारा उपयोगाचा नाही. आणि तो हाताने करायच्या क्रियेला जोडलेला हवा, घड्याळाला नव्हे. मोबाइलवर दर तासाला गजर लावणारे पुष्कळ भेटतात. गजर कामाच्या मधोमध वाजतो, माणूस तो बंद करतो आणि आठवड्याने काढून टाकतो. दिव्याचंच बघा. डिसेंबरात सहाच्या सुमारास काळोख पडतो, जुलैत सात वाजून गेल्यावर. साडेसहाचा गजर वर्षातले बरेच महिने चुकीच्या वेळीच वाजेल. दिवा लावण्याला जोडलेलं नाम मात्र कधीच चुकणार नाही.

सांध्यावर नाम किती घ्यायचं? तीनदा. एकदा घेतलं तर तोंडातून निघून जातं, अकरा वेळा ठरवलं तर घाईच्या दिवशी टळतं. तीनदाला आठ-दहा सेकंद लागतात. पहिल्या नामाला हात थांबवायचा, दुसऱ्याला देवाचं रूप आठवायचं (देवळात पाहिलेलं, घरच्या तसबिरीतलं), तिसऱ्याला पुढच्या कामाला हात घालायचा.

काही सांधे विशेष सोयीचे आहेत. दुकानदाराला शटर उघडणं आणि पहिल्या गिऱ्हाइकाची भवानी. नोट डोळ्याला लावतोच आपण, तिथे नाम जोडून घ्यायचं. कार्यालयात फोनची पहिली घंटी नामाला द्यावी आणि दुसऱ्या घंटीला उचलावा. समोरच्याला कळतही नाही आणि आपला आवाज जरा शांत येतो. स्वयंपाकघरात तांदूळ वैरण्याआधी. ज्यांच्या घरी चित्राहुती (जेवणाआधी ताटाशेजारी ठेवायची भाताची शितं) घालतात त्यांना जेवणाचा सांधा आयता आहे. ज्यांच्या घरी नाही त्यांनी पहिला घास हातात घेऊन नाम घ्यावं, आणि तो घास टीव्हीकडे न बघता खावा.

हॉटेलात, रुग्णालयात, कसिनोत रात्रपाळी करणाऱ्यांनी सूर्योदयाची चिंता करू नये. तुम्ही जागे होता ती तुमची सकाळ. दुपारी दोनला उठलात तर दुपारी दोनला करदर्शन. घरचा दिवा दुसरं कुणी लावत असेल तर त्या वेळी कामावर असताना फक्त तेवढं आठवायचं की आता अंगणातल्या तुळशीपाशी दिवा लागला असेल, आणि नाम घ्यायचं.

पंधरा दिवस दोन सांधे बिनचूक साधले की तिसरा घ्या. चुकत असतील तर संख्या वाढवू नका, सांधा बदला. जो सांधा सतत चुकतो तो बहुधा घाईच्या जागी असतो. दाराचं कुलूप हा असाच फसवा सांधा : कागदावर फार सोपा दिसतो, आणि बस चुकायची वेळ आली की पहिल्यांदा तोच विसरतो.

काम कोणतं, त्यावर नाम

भांडी घासणं, कपडे वाळत घालणं, नारळ खोवणं, भाजी निवडणं, कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत) शिपणं, झाडलोट, चालणं : ही हातांची कामं. त्यांत नाम कामाबरोबर चालू शकतं. चालताना ते पावलावर बसवा : श्रीराम, जय राम, जय जय, राम, अशी चार पावलं. श्वासाला बांधायच्या भानगडीत नवख्याने पडू नये; चढावर श्वास फुलतो, नाम धावतं, आणि छातीत अस्वस्थ वाटू लागतं.

प्रवासाचा वेळही इथेच. मडगाव-पणजी कदंब बसमध्ये खिडकीची जागा मिळाली तर चार-पाच माळा होतील. फेरीबोट रायबंदरहून सुटून चोडणच्या धक्क्याला लागेपर्यंत निदान एक. बसमध्ये माळ काढायचा संकोच वाटत असेल तर करमाळा शिकून घ्या. उजव्या हाताच्या अनामिकेच्या मधल्या पेरावर अंगठा ठेवून एक, त्याच बोटाचं तळचं पेर दोन. करंगळीचं तळचं, मधलं, वरचं असे तीन, चार, पाच. अनामिकेचं वरचं सहा, मधल्या बोटाचं वरचं सात. तर्जनीचं वरचं आठ, मधलं नऊ, तळचं दहा. मधल्या बोटाची खालची दोन पेरं मेरू मानतात, त्यांना अंगठा लावायचा नाही. माळेवर तर्जनी वर्ज्य आणि इथे तिचीच पेरं मोजायची, याने गोंधळू नका. इथे मोजतो तो अंगठाच. शाक्त म्हणजे देवीउपासकांच्या संप्रदायात पेरांचा क्रम निराळा असतो. तुमच्या घरी तो असेल तर तोच धरा. दहाचं एक आवर्तन झालं की डाव्या हाताचं एक पेर पुढे. अशी दहा आवर्तनं आणि वर आठ, झाली माळ. बोटात घालायचं मोजणी-यंत्र हल्ली मिळतं, पण त्यात बोट नामाशिवायही दाबलं जातं. मोबाइलवरचं तर नकोच. नाम मोजायला उघडलेला फोन निरोप वाचूनच बंद होतो.

दुसरी शब्दांची आणि आकड्यांची कामं : शिकवणं, हिशेब, पत्रं लिहिणं, गिऱ्हाइकाशी बोलणं, मुलाचा अभ्यास घेणं. यांत मन आधीच शब्दांत गुंतलेलं असतं, तिथे नामाचे शब्द घुसवले की दोन्हीचा विचका होतो. इथे नाम फक्त आधी आणि नंतर. मधला तासभर नाम आठवलंच नाही म्हणून हळहळू नका. ते काम ज्याला वाहायचं आहे त्याचं नाव आधी घेतलेलं आहे, एवढं पुरे.

तिसरी धोक्याची कामं. स्कूटर, ट्रक, टिपर, क्रेन, करवत, उंच शिडी, तापलेलं तेल, विजेची तार. इथे नाम फक्त सुरू करण्यापूर्वी. गोरा कुंभारांची कथा मराठी घरात सर्वांना ठाऊक आहे : नामात रंगून चिखल तुडवताना पायाखाली स्वतःचं मूल आलं ते कळलं नाही. कथेत विठ्ठलाने ते मूल परत दिलं. संतांच्या तल्लीनतेचं वर्णन म्हणून ती ऐकावी, हायवेवर तिचा प्रयोग करू नये. स्टँडवर भाड्याची वाट पाहणाऱ्या पायलटने (मोटारसायकल-टॅक्सीवाल्याने) खुशाल माळ ओढावी. प्रवासी मागे बसला, तीनदा नाम घेतलं, किक मारली, की मग सगळं लक्ष रस्त्यावर, आरशावर आणि पावसाने पडलेल्या खड्ड्यांवर. गाडीत भजनाची ध्वनिफीत लावायला हरकत नाही, पण डोळे मिटावेसे वाटतील अशी नको.

हाक आली तर

हा मुद्दा जरा सविस्तर मांडायला हवा, कारण घराघरांतली कटकट इथूनच सुरू होते. माळ हातात आहे आणि आतून सासूबाईंनी हाक मारली, मूल रडलं, दारात कुणी आलं. ‘नाम घेतेय, थांबा’ असं करड्या आवाजात म्हणून पुढचे मणी ओढले, तर ते ओढले नसते तरी चाललं असतं. सांधा आला आहे असं समजा. हातातलं नाम पुरं करा, मणी चिमटीत तसाच धरा, ‘आलो’ म्हणा. मिनिटाभरात काम झालं तर त्याच मण्यापासून पुढे. उठून जावं लागलं, वेळ गेला, तर ती माळ सोडून द्या आणि सवडीने पहिल्यापासून करा. अर्ध्या माळेचा हिशेब डोक्यात वागवत दिवस काढू नका.

घरच्यांच्या बाजूनेही एक व्यवस्था लावता येते : जपाची सात मिनिटं रोज तीच ठेवायची आणि ती सर्वांना सांगून ठेवायची. रोजची वेळ ठरलेली असली की हाका आपोआप कमी होतात. वेळ रोज सरकत राहिली तर घरच्यांना ती कामचुकारपणाची सबब वाटू लागते, आणि त्यात त्यांचं फारसं चुकतही नाही.

रात्रीची दोन मिनिटं

अंथरुणावर बसून, आडवं होण्याआधी, दिवसातली तीन कामं आठवायची : एक नीट झालेलं, एक बिघडलेलं, एक राहून गेलेलं. तिन्ही देवापुढे ठेवून ‘श्रीकृष्णार्पणमस्तु’ म्हणायचं. गीतेच्या नवव्या अध्यायात ‘यत्करोषि यदश्नासि’ म्हणून जे जे करशील, खाशील, देशील ते मला अर्पण कर असं सांगितलं आहे, त्याची ही रोजची रीत. बिघडलेलंही वाहायचं. नुसतं चांगलं वाहत गेलं की महिन्याभरात ते स्वतःच्या कौतुकाची यादी होतं.

या वाक्याचा एक अडचणीचा गुणही आहे. मापात मारलेला काटा, पैसे घेऊन पुढे सरकवलेली फाइल, मोलकरणीचे कापलेले दिवस यांच्यापुढे ते म्हणायला जीभ रेटत नाही. अशा वेळी जप वाढवू नये. दुसऱ्या दिवशी ते काम दुरुस्त करावं, मग वाहावं.

आठवड्यातून एकदा माणसांत

एकट्याचं स्मरण महिना-दोन महिन्यांनी कोरडं पडतं. गोव्यात त्यावरचा उपाय शोधायला लांब जावं लागत नाही; गावोगावच्या देवळांत आठवड्याचं भजन असतं, कुठे सोमवारी, कुठे गुरुवारी, कुठे शनिवारी. मंगेशीची सोमवारची पालखी आहे. नवख्याने भजनात मागे बसावं, ध्रुपद (पालुपद) उचलावं, टाळी वाजवावी. ठेका अंगात मुरण्याआधी झांज हातात घेऊ नका. एका बेताल झांजेने पखवाजवाला चिडतो आणि पुढच्या आठवड्यात कुणी तुमच्यासाठी जागा करत नाही. जयजयकार, मग ‘जय जय रामकृष्ण हरी’, रूपाचा अभंग (देवाच्या रूपाचं वर्णन करणारा), इतर अभंग, गौळण, शेवटी भैरवी असा साधारण क्रम असतो. तो कळला की कुठल्याही गावात बसता येतं.

श्रावणात सप्ताह लागतात. वास्कोत दामोदराचा सप्ताह नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो आणि चोवीस तास भजन खंडत नाही. नोकरदाराने अशा वेळी आपली सवड बघून पहाटेची वेळ मागून घ्यावी. तेव्हा माणसं कमी असतात, गळा मोकळा करता येतो, आणि तिथून थेट कामावर जाता येतं.

हमखास विचारलं जातं ते

मासे खाल्ले तर नाम घ्यावं का? घ्यावं. सोमवार, एकादशी, चवथ हे दिवस शिवराक (शाकाहारी) पाळायचे की नाही हा कुळाचाराचा भाग आहे, आणि नैवेद्याचे नियम देवघराचे. नाम दोन्हींच्या बाहेर आहे. हात धुऊन, चूळ भरून माळ घ्या म्हणजे झालं.

सोयर-सुतकात आणि मासिक पाळीत पूजा, देवळात जाणं, माळ हाताळणं याबाबत घराघरांत वेगळी रीत असते. आपल्या घरची असेल ती पाळा. मानस नामाला सहसा कुणी आडकाठी करत नाही. सुतकाच्या दिवसांत तर माणसाला त्याचाच आधार लागतो.

नाम यंत्रासारखं चालतं, मन भलतीकडे असतं. सर्वांचंच असतं. गीतेच्या सहाव्या अध्यायात ‘यतो यतो निश्चरति’ म्हणून मन जिथे जिथे पळेल तिथून परत आणा एवढंच सांगितलं आहे. पळणारच नाही अशी अट घातलेली नाही. मानस चालू असेल तर उपांशूवर या, उपांशू असेल तर वाचिकावर. चाल निम्मी करा. घाईत ‘श्रीराम’चं ‘सिराम’ आणि ‘जय जय’चं ‘जैजै’ झालेलं असतं. अक्षरं सुटी केली की मनही जरा वेळ बसतं.

झोप येते. जेवल्यानंतर बसलात तर येणारच. डोळे उघडे ठेवा, उभे राहा, येरझाऱ्या घालत करा.

चार दिवस खंड पडला. भरपाई म्हणून पाचव्या दिवशी पाच माळा करू नका. तो डोंगर पाहूनच सहावा दिवस बुडतो. जो सांधा पुढे येईल तिथून तीनदा नाम, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीची एक माळ.

नवस आणि नेम एकत्र करू नका. ‘काम झालं तर अमुक लाख जप’ हा देवाशी केलेला करार आहे. तो करायचा असेल तर वेगळा करा, फेडा आणि संपवा. रोजच्या माळेला तो चिकटवला की काम झाल्यावर माळ सुटते आणि न झाल्यास रागाने सुटते.

राहता राहिली चवथ. देवाचं काम सर्वांत जास्त असतं त्याच दिवसांत देव सर्वांत कमी आठवतो, हे स्वयंपाकघरातल्या कुणालाही विचारा. माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायची, नेवऱ्या (करंज्या) तळायच्या, पाहुण्यांची ऊठबस, वर पुरोहितांची वेळ. त्या दिवसांत बैठकीची माळ जमली नाही तर सोडून द्या, नवा सांधा मुळीच सुरू करू नका. माटोळीचं पहिलं फळ बांधताना आणि कढईत पहिली नेवरी सोडण्याआधी, एवढी दोन ठिकाणं ठरवून ठेवा आणि तिथे काम करणाऱ्या सर्वांनी मिळून मोठ्याने नाम घ्या. गणपती पाण्यात पोहोचवून घरी आलात की त्याच रात्री आसन पुन्हा मांडून ठेवा, म्हणजे सकाळी ते शोधण्यात वेळ जाणार नाही.